दोन कुलाब्यांमधले पाणी : ‘वेडा’ या शब्दाचा इतिहास (थ्रेड)

१/
थळच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर खांदेरी आणि उंदेरी ही दोन बेटे दिसतात. रात्री आकाश स्वच्छ असेल तर उत्तरेकडे मुंबईचे दिवेही दिसतात. खांदेरीविषयी इथल्या वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही. १६७९ मध्ये शिवछत्रपतींनी केलेली तटबंदी, त्यावरून इंग्रजांशी जुंपलेली आरमारी लढाई आणि २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत लागलेले नाव, हे सारे आपण जाणतो. आजचा विषय मात्र किल्ल्याचा नाही. याच पाण्याच्या काठी उभे राहून मनाच्या आजारांचा इतिहास पाहायचा आहे. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/
सुरुवात नावापासून. थळ ज्या जिल्ह्यात आहे, त्याचे नाव १९८१ पर्यंत ‘कुलाबा’ होते. अलिबागच्या जलदुर्गाचे नाव जिल्ह्याला मिळाले होते. पाण्यापलीकडे, मुंबईच्या दक्षिण टोकालाही एक कुलाबा आहे. त्या पलीकडच्या कुलाब्यात १८२६ च्या सुमारास कंपनी सरकारने वेड्यांचे इस्पितळ बांधले. तेव्हा ते एक स्वतंत्र बेट होते. तिथे जायचे तर होडीने किंवा ओहोटीच्या वेळी चालत. मुंबईला जोडणारा रस्ता झाला तो १८३८ मध्ये. इस्पितळाची जागाच सांगते की या माणसांना शहरापासून दूर ठेवायचे होते.

३/
मनाच्या आजाराकडे पाहताना प्रत्येक काळाने एक ठरावीक प्रश्न विचारला. गावाने विचारले : ही बाधा कोणाची? सरकारने विचारले : याचा धोका कोणाला? वैद्यकाने फार उशिरा विचारले : याला त्रास कसला आहे आणि तो केव्हापासून आहे? माणसाचे पुढे काय होणार, हे त्याच्या आजारापेक्षा या प्रश्नावर अधिक अवलंबून राहिले. हे तीनही प्रश्न आजही आपल्या घरांत एकाच वेळी विचारले जातात, म्हणून हा इतिहास जुना झालेला नाही.

४/
पहिला प्रश्न गावाचा. खांदेरीवर वेताळाचे ठाणे आहे. कोकणात वेताळ हा भुतांचा अधिपती आणि त्याच वेळी राखणदार. समुद्रावर पोट असलेल्या कोळी समाजाची त्याच्यावर श्रद्धा आहे. या जगात एखाद्याचे वागणे अचानक पालटले, तो एकटाच बोलू लागला, जेवेनासा झाला, तर घरचे म्हणत : ‘बाहेरचे लागले आहे.’ मग भगत, अंगारा, उतारा, नवस. या साऱ्याकडे आज तुच्छतेने पाहणे सोपे आहे. पण ते काय काम करत होते, हेही पाहायला हवे.

५/
‘बाहेरचे’ या शब्दात एक दिलासा होता. दोष माणसाचा नव्हता. जे आले होते ते जाऊही शकत होते आणि तोवर माणूस घरचाच राहत होता. दुसरी बाजू तितकीच खरी. बाधा उतरेना, तर तिच्यावर केलेला उपाय माणसाच्याच अंगावर पडे. चटके, मार, उपास, साखळदंड. भूत हाकलण्याच्या नावाखाली झालेल्या छळाची शिक्षा भूत कधी भोगत नाही.

६/
पण आपल्या परंपरेत केवळ भूतबाधेचाच विचार होता, असे समजू नये. चरकसंहितेत ‘उन्माद’ या रोगाचे पाच प्रकार सांगितले आहेत : वातज, पित्तज, कफज, तिन्ही दोषांच्या प्रकोपाने होणारा सान्निपातिक, आणि आगंतुज. यांतील पहिल्या चारांची कारणे शरीरात शोधली आहेत. ‘बाहेरून आलेला’ हा पाचांपैकी एक. म्हणजे वैद्य आणि भगत यांच्यातली सीमारेषा फार जुनी आहे, आणि ती नेहमीच थोडी पुसटही राहिली आहे.

७/
त्याहून रंजक भाग त्याच ग्रंथाच्या शारीरस्थानात आहे. तिथे मनाच्या ठेवणीचे सोळा प्रकार वर्णिले आहेत : सात सात्त्विक, सहा राजस, तीन तामस. ‘आसुर’ ठेवणीचा माणूस कसा? शूर, उग्र, मत्सरी, कपटी, निर्दय आणि स्वतःचीच पूजा करणारा. ‘सार्प’ ठेवणीचा रागात असताना शूर, एरवी भित्रा. हे वर्णन रोगाच्या प्रकरणात नाही. ते स्वभावाच्या प्रकरणात आहे. रोग वेगळा आणि घडण वेगळी, हा भेद तिथे केलेला दिसतो. आधुनिक व्यक्तिमत्त्व विकारांशी त्याची सरळ बरोबरी करणे मात्र चूक ठरेल.

८/
मराठी भाषेनेही हा भेद राखला होता. तऱ्हेवाईक, विक्षिप्त, चक्रम हे स्वभावाचे शब्द. भ्रमिष्ट हा आजाराचा. झपाटलेला हा बाधेचा. पुन्हा पुन्हा हात धुणारा, कडी लावली का हे दहादा पाहणारा माणूस ‘मंत्रचळी’. आज डॉक्टर ज्याला ओसीडी म्हणतात, त्यासाठी मराठीत असा नेमका शब्द आधीपासून आहे. आणि महानुभावांचे गोविंदप्रभू? रिद्धपूरच्या या सत्पुरुषाचे वागणे जगाला वेडाचे वाटे, भक्तांना ईश्वराचे. इतक्या साऱ्या छटा एका ‘वेडा’ या शब्दात कशा कोंबल्या गेल्या? त्याचे उत्तर बऱ्याच अंशी कायद्यात आहे.

९/
१८४० मध्ये आंग्र्यांचे संस्थान खालसा झाले आणि थळ-अलिबागचा मुलूख कंपनीकडे गेला. १८५८ मध्ये, सत्ता कंपनीकडून राणीकडे गेली त्याच वर्षी, वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा झाला. त्यानुसार मोकाट भटकणाऱ्या किंवा धोकादायक वाटणाऱ्या ‘वेड्या’ माणसाला पोलिसांनी मॅजिस्ट्रेटपुढे न्यायचे आणि मॅजिस्ट्रेटने डॉक्टरच्या साहाय्याने त्याला इस्पितळात पाठवायचे. इथे दुसरा प्रश्न आला : धोका कोणाला? जो शांतपणे घरात कुढत होता, तो या कायद्याला दिसतच नव्हता.

१०/
पलीकडचे कुलाब्याचे इस्पितळ गर्दीसाठी कुप्रसिद्ध झाले. मग इस्पितळे वाढत गेली : नागपूर १८६४, रत्नागिरी १८८६, त्यानंतर पुण्याजवळ येरवडा, आणि १९०१ मध्ये नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाने ठाण्याचे नौपाड्यातले. पुढे कुलाब्याची जागा बंद झाली. ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर ही चार ठिकाणे आजही महाराष्ट्राची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. ‘ठाण्याला पाठवायला हवे’ किंवा ‘येरवड्याला जा’ ही आपली थट्टा या इतिहासातून आलेली आहे.

११/
इस्पितळातल्या नोंदी किती भरवशाच्या होत्या? याची एक उत्तम तपासणी झालेली आहे. त्या काळी वेडाचे कारण म्हणून सर्रास ‘गांजा’ लिहिले जाई. १८९३-९४ च्या हेम्प ड्रग्ज कमिशनने १८९२ साली देशभरातल्या इस्पितळांत दाखल झालेल्या १,३४४ रुग्णांपैकी ज्यांच्या वेडाचे कारण गांजा-भांग लिहिले होते, त्यांच्या नोंदी पुन्हा तपासल्या. गांजा-भांगेशी खरोखर संबंध जोडता येईल असे निघाले केवळ ९८, म्हणजे एकूण दाखल रुग्णांच्या सुमारे ७ टक्के. रुग्णाला आणणाऱ्या पोलिसाने कागदावर जे कारण लिहिले, तेच पुढे इस्पितळाच्या वहीत उतरत असे. डॉक्टरने रुग्णाला विचारण्याआधीच निदान तयार असे.

१२/
वेडा ठरवण्याचा अधिकार किती जड असतो, हे महाराष्ट्राला कळले ते कोल्हापुरात. १८७० मध्ये छत्रपती राजाराम महाराज इटलीत फ्लॉरेन्स येथे वारले. त्यानंतर दत्तक घेतलेले चौथे शिवाजी महाराज तेव्हा लहान होते. ते तरुण होता होता त्यांना वेड लागल्याचे जाहीर झाले आणि कारभार इतरांच्या हाती गेला. महाराजांना मुद्दाम छळून वेडे ठरवले जात आहे, असा बोभाटा झाला. दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर आरोप करणारा मजकूर ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांत आला.

१३/
बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. ज्या पत्रांवर आरोप आधारले होते, ती बनावट ठरली. जुलै १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली; प्रत्यक्षात त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिले. शाळेत आपण ही गोष्ट इथेच संपवतो. पण ज्या तरुणावरून हे सारे घडले, त्याचे पुढे काय झाले?

१४/
त्याला अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले गेले. २५ डिसेंबर १८८३ रोजी ग्रीन नावाच्या गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत त्याचा मृत्यू झाला. वय वीस. वादाची एक बाजू म्हणत होती ‘तो वेडा आहे’, दुसरी म्हणत होती ‘त्याला वेडा ठरवले जात आहे’. तिसरी शक्यता या कोलाहलात हरवली : तो आजारी असला तरी त्याच्यापाशी पहारेकऱ्याऐवजी शुश्रूषा करणारा माणूस हवा होता. ‘वेडा की शहाणा’ एवढाच वाद घालणाऱ्या कुटुंबांत ही शक्यता आजही हरवते.

१५/
याच शतकात युरोपातले डॉक्टर वेगळ्याच कोड्यात पडले होते. पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात रुग्णांच्या बेड्या काढल्या गेल्या. श्रेय फिलिप पिनेल यांना मिळाले, पण ते काम मुख्यतः तिथला देखरेख्या ज्याँ-बाप्तिस्त प्युसाँ याचे. तो स्वतः एके काळी त्याच रुग्णालयात उपचार घेत होता. तिथे पिनेल यांना असे रुग्ण दिसले ज्यांना भ्रम नव्हता, बुद्धी शाबूत होती, तरी वागणे मात्र विनाशक होते. भ्रमाविना उन्माद, असे त्यांनी त्याला म्हटले. १८३५ मध्ये इंग्रज डॉक्टर प्रिचर्ड यांनी ‘नैतिक वेड’ असा शब्दप्रयोग रूढ केला. व्यक्तिमत्त्व विकारांच्या कल्पनेची मुळे इथे आहेत.

१६/
‘नैतिक’ हा शब्द धोक्याचा होता. वैद्यकाने स्वभावावर न्यायनिवाडा सुरू केला, की रोगी आणि नकोसा माणूस यांतला फरक मिटतो. दुष्टपणा रक्तातूनच येतो ही समजूत त्या काळाच्या हवेत होती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आपल्या देशातल्या अनेक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. पुढे महाराष्ट्रातल्या पारध्यांसह कित्येकांनी त्याचा जाच सोसला. तो शिक्का कायद्याने पुसायला १९५२ उजाडले. लोकांच्या मनातून तो अजून पुरता पुसलेला नाही.

१७/
१९२३ मध्ये जर्मन मनोविकारतज्ज्ञ कुर्ट श्नायडर यांनी विचाराला वळण दिले. ज्यांच्या स्वभावाच्या टोकामुळे ते स्वतः दुःख भोगतात किंवा भोवतालचे लोक भोगतात, अशा व्यक्तिमत्त्वांचे त्यांनी वर्णन केले. त्यांच्या यादीत क्रूर माणसांसोबत सतत खिन्न असणारे, स्वतःविषयी सदैव साशंक असणारेही होते. नीतीऐवजी दुःख हा निकष पुढे आला. इथे तिसरा प्रश्न ऐकू येऊ लागतो : त्रास कसला?

१८/
मग आजार आणि व्यक्तिमत्त्व विकार यांत फरक काय? ढोबळ उत्तर असे. आजाराला बहुधा ‘आधी’ आणि ‘नंतर’ असते. घरचे म्हणतात, ‘मागच्या दिवाळीपर्यंत हा असा नव्हता.’ व्यक्तिमत्त्व विकारात तसे वळण सापडत नाही. पौगंडावस्थेपासून किंवा तारुण्याच्या आरंभापासून माणूस स्वतःकडे आणि इतरांकडे एकाच ताठर पद्धतीने पाहतो. घरात, कामावर, मैत्रीत तेच पुन्हा घडते आणि त्यातून खरी हानी होते. नुसता तापट, अबोल किंवा हट्टी स्वभाव म्हणजे विकार नव्हे.

१९/
१९८० मध्ये अमेरिकी निदानसूचीच्या तिसऱ्या आवृत्तीने व्यक्तिमत्त्व विकारांना इतर मनोविकारांपासून वेगळा स्तंभ दिला. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत दहा प्रकार आहेत, तीन गटांत : संशयी व एकलकोंडे, नाट्यमय व अस्थिर, भीतीने ग्रासलेले. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र २०२२ पासून लागू झालेल्या सूचीत हे बहुतेक कप्पे मोडले. आता आधी पाहायचे ते विकार सौम्य, मध्यम की तीव्र, आणि मग त्यात कोणते स्वभावगुण ठळक आहेत. शंभर वर्षांनंतरही ही वर्गवारी पक्की झालेली नाही, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

२०/
यांतील सर्वांत परिचित नाव बॉर्डरलाइन. ‘सीमेवरचा’ हा शब्द १९३८ मध्ये अडॉल्फ स्टर्न यांनी अशा रुग्णांसाठी वापरला, जे तेव्हाच्या कोणत्याच कप्प्यात नीट बसत नव्हते. सोडून दिले जाण्याची पराकोटीची भीती, भावनांचे वादळ, स्वतःला इजा करणे. हे रुग्ण ‘सुधारत नाहीत’ असा समज कित्येक वर्षे होता. मार्शा लिनहान यांनी त्यांच्यासाठी खास उपचारपद्धती घडवली आणि १९९३ मध्ये ती ग्रंथरूपाने मांडली. २०११ मध्ये त्यांनी जाहीर केले की तरुणपणी त्या स्वतः मनोरुग्णालयात होत्या. स्वभाव दगडावरची रेघ नाही, हे त्यांच्या कामाने दाखवले.

२१/
इतर आजारांची कथा औषधांनी पालटली. स्किझोफ्रेनियात भास आणि भ्रम, द्विध्रुवी विकारात उन्माद आणि नैराश्य यांची आवर्तने, नैराश्यात सगळ्याच इच्छेचा क्षय. १९३१ मध्ये कोलकात्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेचा उन्मादावर आणि रक्तदाबावर होणारा परिणाम नोंदवला. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांच्या निबंधाने रक्तदाबावरचे औषध म्हणून ती जगापुढे आली. तिच्यातून काढलेले द्रव्य पुढे मनोविकारांवरही वापरले गेले. १९५२ मध्ये फ्रान्समध्ये क्लोरप्रोमॅझिनचा उपयोग दिसला आणि इस्पितळांची बंद दारे उघडू लागली.

२२/
मुंबईत त्याआधीच एक शांत बदल झाला होता. १९३८ मध्ये डॉ. के. के. मसानी यांनी जे. जे. रुग्णालयात मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. मनाचा आजार घेऊन आलेला माणूस आता ताप-खोकल्याच्या रुग्णांशेजारी बाकावर बसू शकत होता आणि संध्याकाळी घरी परत जाऊ शकत होता. शंभर वर्षांपूर्वी कुलाब्याच्या बेटावर जे अंतर निर्माण केले होते, ते त्या बाकावर थोडे मिटले.

२३/
कायदा मात्र सावकाश चालला. १९१२ चा ‘वेड्यांचा कायदा’ १९८७ च्या कायद्यापर्यंत टिकला. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एर्वाडी येथे एका आश्रयस्थानाला आग लागली. साखळ्यांनी बांधलेले २८ रुग्ण पळू शकले नाहीत. महाराष्ट्रात २०१३ मध्ये, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर, जादूटोणाविरोधी कायदा झाला; भूत उतरवण्याच्या नावाने मारहाण करणे हा त्यानुसार गुन्हा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीने बांधण्यास मनाई केली आणि उपचार हा हक्क मानला.

२४/
याच रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळ, डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी यांच्या श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनचे केंद्र आहे. १८५८ च्या कायद्याने ‘मोकाट भटकणारे’ म्हणून ज्यांना कोंडले असते, त्यांना रस्त्यावरून आणून उपचार करायचे आणि मग त्यांचे घर शोधून पोहोचवायचे, हे त्यांचे काम. डॉ. वाटवानी यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. भटकणारा माणूस तोच. त्याला विचारला जाणारा प्रश्न बदलला : तुझे गाव कोणते?

२५/
आता थोडे आपल्याविषयी, इतिहासाच्या वाचकांविषयी. आपण सहज लिहितो : अमुक बादशहा सायको होता, तमुक पेशवा नार्सिसिस्ट होता. १९७३ पासून अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेचा नियम आहे की ज्या सार्वजनिक व्यक्तीची स्वतः तपासणी केलेली नाही, तिचे निदान जाहीरपणे करू नये. जिवंत माणसाबाबत तज्ज्ञांना जे वर्ज्य, ते शत्रूच्या बखरींवरून मृतांबाबत आपण कसे करावे? त्या शिव्या ऐकणाऱ्यांत तोच आजार घेऊन जगणारा एखादा वाचकही असतो. तो मग कोणाशी बोलत नाही.

२६/
२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या सुमारे १०.६ टक्के प्रौढांना पाहणीच्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार होता, आणि त्यांतल्या बहुसंख्यांना उपचार मिळत नव्हते. थळसारख्या गावात असो वा मुंबईत, एका मोठ्या कुटुंबात एक माणूस तरी यात येईल. त्याच्याविषयी ‘बाहेरचे आहे का’ आणि ‘लोक काय म्हणतील’ हे दोन जुने प्रश्न आपल्या तोंडी आपोआप येतील. तिसरा प्रश्न मात्र जाणीवपूर्वक विचारावा लागतो : तुला त्रास काय होतो आहे आणि केव्हापासून?

२७/
वेताळाला नारळ वाहणाऱ्या आजीने डॉक्टरकडेही जावे. त्यात विरोध मानण्याचे कारण नाही. २०२२ पासून टेलि-मानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. आपल्या गावात मनाच्या आजारांसाठी कोणते जुने शब्द होते, ते आजी-आजोबांना विचारून खाली लिहावेत. व्यक्तींची नावे मात्र लिहू नयेत. शब्दांचा हा संग्रह इतिहासाच्या फार उपयोगाचा ठरेल.

(धागा समाप्त)